हातांची शाळा : केडगाव, शिरूर आणि घरातले शिक्षण

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत हातकाम आणि ख्रिस्ती शिक्षण यांची सांगड शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे, आणि तरीही आज या भागात आपल्या मुलांना घरी शिकवू पाहणारी ख्रिस्ती कुटुंबे हस्तकलेची कल्पना शोधताना बहुधा परदेशी पुस्तकांकडे वळतात. त्या पुस्तकांत सांगितलेले रंगीत फोम, चकचकीत टिकल्या आणि तयार संच शिरूरच्या बाजारात मिळाले, तरी ते महाग पडतात. शिवाय त्यांपासून बनलेली वस्तू दोन दिवस भिंतीवर राहून कचऱ्यात जाते. याउलट घोड आणि भीमा या नद्यांच्या खोऱ्यात ज्वारीची ताटे, उसाचे पाचट, केकताडाची पाने, काळी माती, जुन्या साड्या आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतून रद्दीत येणारा पुठ्ठा हे साहित्य जवळजवळ फुकट उपलब्ध आहे, आणि त्यापासून काय शिकवता येते, याचा मोठा अनुभव दौंड तालुक्यातल्याच केडगावात घेतला गेलेला आहे.

घरशिक्षण, म्हणजे ज्याला शहरांत होमस्कूलिंग म्हणतात ती पद्धत, येथे दोन अर्थांनी घेतली आहे. काही कुटुंबे मुलांचे संपूर्ण शिक्षण घरी करतात. त्याहून कितीतरी अधिक कुटुंबांत मूल शाळेत जाते, पण संध्याकाळी, रविवारच्या उपासनेनंतर आणि मे महिन्याच्या सुट्टीत आईवडील किंवा आजी-आजोबा त्याला पवित्र शास्त्र, गणित आणि कामधंदा शिकवतात. पहिल्या प्रकारच्या कुटुंबांनी काही गोष्टी आधीच समजून घेतलेल्या बऱ्या. ६ ते १४ वयोगटासाठीच्या २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने घरशिक्षणाला वेगळे स्थान दिलेले नाही. पुढे परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग आहे, जिथे माध्यमिक परीक्षेला वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि राज्य मंडळाच्या दहावीला १७ क्रमांकाचा अर्ज भरून बाहेरून बसता येते. हातकामाचा या परीक्षांशी थेट संबंध नाही. पण ज्या मुलाने दोर वळताना वजन मोजले आहे आणि मंडप उभारताना परिमिती काढली आहे, त्याला तेच गणित कागदावर सोडवणे परके वाटत नाही.

केडगावचा वारसा

केडगावचा आश्रम उभारणाऱ्या पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) स्वतः लहानपणी कोणत्याही शाळेत शिकल्या नव्हत्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले, आणि लक्ष्मीबाईंनी पुढे मुलीला तोंडी पाठ देऊन घडवले; त्या घरच्या शिक्षणाच्या बळावर १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. म्हणजे महाराष्ट्रातील ख्रिस्ती स्त्रीशिक्षणाच्या इतिहासातले सर्वांत मोठे नाव घरशिक्षणातून आलेले आहे, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाने विसरू नये. मात्र ते शिक्षण जवळजवळ संपूर्णपणे पाठांतराचे होते. हातांना त्यात फारसे स्थान नव्हते, आणि कदाचित म्हणूनच १८८६ साली अमेरिकेत गेल्यावर रमाबाईंचे लक्ष बालोद्यानाच्या पद्धतीकडे वेधले गेले.

बालोद्यान किंवा किंडरगार्टन ही पद्धत फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने १८३७ पासून विकसित केली. मुलाच्या हाती क्रमाक्रमाने चेंडू, ठोकळे, काड्या असे साहित्य द्यायचे, ज्याला फ्रोबेल देणग्या म्हणत असे, आणि त्यापुढे कागद दुमडणे, पट्ट्या विणणे, माती घडवणे, भिजवलेले वाटाणे आणि काड्या जोडून आकृत्या उभारणे असे उद्योग करून घ्यायचे, अशी तिची मांडणी होती. रमाबाईंनी फिलाडेल्फियात या पद्धतीचे प्रशिक्षण घेतले, मराठी मुलांसाठी त्या धर्तीवर पाठ्यपुस्तके तयार करण्याचे काम हाती घेतले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा सुरू केली, तेव्हा हे विचार त्यांच्यासोबत होते. पुढे शारदा सदन पुण्यात आले, केडगावला जमीन घेतली गेली, आणि १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून व १९००च्या सुमारास गुजरातेतून आणलेल्या मुलींमुळे तिथे उभ्या राहिलेल्या मुक्ती सदन या आश्रमातल्या माणसांची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली.

एवढ्या मुलींना जेवू घालायचे, कपडे पुरवायचे आणि शिकवायचे, तर काम आणि शिक्षण वेगवेगळे ठेवणे शक्यच नव्हते. विणकाम, शिवण, भरतकाम, तेल गाळणे, दुभती जनावरे, बागकाम, पाव भाजणे, धुलाई, टोपल्या विणणे आणि छपाई असे उद्योग केडगावात मुली आणि स्त्रियाच चालवत. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून रमाबाईंनी केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. त्याच्या छपाईचे काम आश्रमातल्या स्त्रियांनीच केले.

शिरूरमध्ये, म्हणजे जुने लोक ज्याला घोडनदी म्हणतात त्या गावी, अमेरिकन मराठी मिशनचे रिचर्ड विन्सर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उद्योगशाळा चालवली, आणि कोरडवाहू जमिनीत तग धरणाऱ्या घायपातापासून वाख, म्हणजे दोराचा धागा, काढण्याच्या उद्योगाला चालना दिली. दौंडलाही दुष्काळानंतर मिशनरी अल्बर्ट नॉर्टन यांचे मुलांचे ख्रिस्ती वसतिगृह होते. तिन्ही ठिकाणचा हेतू पोट भरण्याचे कसब देण्याचा होता. मुलांचे मन रमवणे हा त्यात दुय्यम भाग होता.

या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, आणि पुणे या पट्ट्यातल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज महार आणि मांग समाजांतले आहेत, आणि दोर वळणे, केरसुण्या बांधणे ही कामे गावगाड्यात त्यांच्यावर जन्माने लादलेली होती. ज्या आजोबांनी वेठीचा दोर वळला, त्यांच्या नातवाला घरच्या शाळेत दोर वळायला सांगताना वडिलांचे मन कचरले, तर ते स्वाभाविक आहे. केडगावने या प्रश्नाला दिलेले उत्तर आजही उपयोगी आहे, कारण तिथे काम जातीवर वाटलेले नव्हते. उच्च मानल्या जाणाऱ्या जातीतली विधवा आणि दुष्काळात सापडलेली खेड्यातली अनाथ मुलगी यांना एकाच छताखाली काम करावे लागे, आणि दोघींनाही अक्षरे शिकावी लागत. घरच्या शाळेनेही दोराचे काम दोराच्या विद्येसह द्यावे, मुलाला त्यातले बळ आणि पीळ यांचे कारण समजावे, आणि हे काम ज्यांच्या कष्टांतून आले त्यांचा इतिहास त्याला सांगावा. जवळच्या कारागिराकडून शिकायचे असेल, तर त्याला गुरूचा मान आणि वेळेचा मोबदला दोन्ही द्यावेत.

ख्रिस्ती घरशिक्षणाच्या जगात आज जिचे नाव सर्वाधिक घेतले जाते, त्या शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईने १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या गृहशिक्षणावरील पुस्तकात एक इशारा दिला होता, तो असा की मुलांकडून निरुपयोगी वस्तू करून घेण्यात त्यांचा वेळ दवडू नये. काम सावकाश आणि नेटके शिकवावे, आणि झालेली वस्तू कुणाच्या तरी उपयोगाची असावी. या प्रकरणात तीच कसोटी धरली आहे, आणि तिला आणखी एक जोड दिली आहे: वस्तू करताना मोजावे लागले पाहिजे, किंवा एखादे कारण शोधावे लागले पाहिजे. खर्च कमी असणे ही सोय आहे. त्यानेच काम चांगले ठरत नाही.

काड्या, हरभरे आणि दोर

लहान मुलांसाठी फ्रोबेलच्या वाटाण्यांऐवजी रात्रभर भिजवलेले हरभरे आणि खराट्याच्या काड्या वापराव्यात. काडीची टोके हरभऱ्यात खोचून चौकोन केला की तो बोटाने ढकलताच तिरका होतो, आणि त्रिकोण केला की तो जागचा हलत नाही. चौकोनात एक तिरपी काडी घातली, तर तोही ताठ होतो. पत्र्याच्या घराच्या कैचीत, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या सांगाड्यात, लोखंडी पट्ट्या तिरप्या का असतात, हे सहा-सात वर्षांच्या मुलाला यातून दिसते. दुसऱ्या दिवशी हरभरे सुकून आकसतात आणि सांधे अधिकच घट्ट होतात. पूर्वी पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञानकेंद्रातून खेळण्यांद्वारे विज्ञान पोचवणारे अरविंद गुप्ता यांनी हेच काम काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे यांनी करून दाखवले, आणि थोड्या मोठ्या मुलांसाठी ती पद्धत अधिक टिकाऊ आहे. ज्वारीच्या ताटांचा भेंड, म्हणजे आतला मऊ पांढरा गाभा, आणि वरच्या सालीच्या चोया यांपासून बैलगाडी करण्याची या भागातली जुनी रीत हरभऱ्यांच्याच कुळातली आहे. भेंडात चोया खोचून सांधे करायचे, एवढाच फरक. चोयांची धार बोट कापते, म्हणून साल मोठ्यांनीच सोलून द्यावी.

दोराचे काम आठ-नऊ वर्षांच्या पुढे करावे. घायपाताला या भागात केकताड म्हणतात आणि ते बांधावर आणि रस्त्याकडेला उगवते. पण त्याच्या पानांचा रस अंगाला लागला की खाज सुटते, म्हणून पाने ठेचून, बोथट पट्टीने गर खरवडून, वाख धुण्याचे काम मोठ्या माणसाने हातमोजे घालून करावे आणि मुलांच्या हाती वाळलेला वाखच द्यावा. अंबाडीच्या झाडाची सालही चालते; तिची ताटे पाण्यात आठ-पंधरा दिवस कुजवली की साल सुटते. काहीच नसेल, तर जुन्या सुती साडीच्या दोन बोटे रुंद पट्ट्या घ्याव्यात.

दोन मुलांनी धाग्यांच्या जुडीची दोन टोके धरून एकमेकांच्या विरुद्ध दिशांनी पीळ भरत जायचे, आणि धागा मुरडून स्वतःभोवती गाठी घेऊ लागला की मध्यावर दुमडून दोन्ही टोके एकत्र आणायची. सोडल्याबरोबर दोन्ही पदर एकमेकांभोवती आपोआप गुंडाळले जातात, आणि ते उलट दिशेने गुंडाळले जातात. कारण प्रत्येक पदर उलगडायला बघतो, आणि त्याच्या उलगडण्याच्या ओढीनेच तो दुसऱ्या पदराला घट्ट आवळतो. दोन विरुद्ध पिळांच्या या ताणामुळे दोर हातातून सुटला तरी मोकळा होत नाही. तीन पदरांचा दोर याच तत्त्वावर होतो, आणि उपदेशक या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातला तीनपदरी दोरीचा दृष्टान्त वाचण्याची हीच योग्य वेळ आहे, कारण आता मुलाला तो तपासून पाहता येतो. एकाच वाखाच्या एकपदरी, दुपदरी आणि तीनपदरी दोऱ्यांना आळीपाळीने बादली टांगावी आणि लिटरच्या मापाने पाणी ओतत जावे. एक लिटर पाणी एक किलो भरते, म्हणून दोरी तुटेपर्यंत किती भार पेलला, हे वहीत लगेच लिहिता येते. प्रत्येक दोरीची चाचणी तीनदा घ्यावी, कारण एकदाच्या मापावर विश्वास ठेवू नये हेही शिकायचे असते. बादली जमिनीपासून वीतभरच उंच असावी. चांगला निघालेला दोर कपडे वाळत घालायला बांधावा.

निवासमंडप

हातकाम, गणित आणि पवित्र शास्त्र या तिन्हींना एकत्र बांधणारा सर्वांत समृद्ध प्रकल्प निर्गम या पुस्तकाच्या २५ ते २७ या अध्यायांत आहे. मिसरातून निघालेल्या इस्राएल लोकांनी रानात उभारलेल्या उपासनेच्या तंबूला निवासमंडप म्हणतात. त्याची मापे तिथे इतकी तपशीलवार दिली आहेत की मुलाला ती घेऊन प्रतिकृती करता येते. पुढे ३१व्या अध्यायात बसालेल आणि अहलियाब या दोन कारागिरांची नावे येतात, आणि त्यांचे कौशल्य हे देवाच्या आत्म्याचे दान म्हणून सांगितले आहे. हातकामाला दुय्यम समजणाऱ्या पालकांनी हा अध्याय जरूर वाचावा.

सगळी मापे हातांत आहेत. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, सुमारे ४५ सेंटिमीटर. आधी घरातल्या प्रत्येकाचा हात दोरीने मोजावा. आजोबांचा आणि पाच वर्षांच्या मुलीचा हात यांतला फरक पाहिला की ठरावीक मापाची गरज का पडते, हे वेगळे सांगावे लागत नाही. मंडपाभोवतीचे अंगण १०० हात लांब आणि ५० हात रुंद आहे, म्हणजे सुमारे ४५ मीटर बाय साडेबावीस मीटर. शेतकरी कुटुंबातल्या मुलाने हा गुणाकार केला की उत्तर सुमारे १,०१२ चौरस मीटर येते, आणि एक गुंठा १०१ चौरस मीटरचा असल्याने ते अंगण जवळजवळ नेमके दहा गुंठे, म्हणजे पाव एकर भरते. पीक काढून रिकाम्या झालेल्या वावरात दहा गुंठे पावलांनी मापून चार कोपऱ्यांवर काठ्या रोवल्या, की मुलाला जे दिसते ते कोणत्याही चित्रात दिसणार नाही.

प्रतिकृतीसाठी एका हाताला अर्धा सेंटिमीटर हे प्रमाण धरावे. मग अंगण ५० बाय २५ सेंटिमीटरचे होते, आणि फळांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ते बसते. भोवतीच्या पडद्यांना लांब बाजूंना प्रत्येकी २० आणि आखूड बाजूंना प्रत्येकी १० खांब आहेत, एकूण ६०. इथे मुले हमखास अडतात आणि पालकांनी त्यांना अडू द्यावे. एखादे मूल १०० हातांच्या बाजूला दोन्ही कोपरे धरून २० खांब लावते. तेव्हा त्यांच्यातली अंतरे १९ होतात, भागाकार पूर्ण जात नाही, आणि चारही बाजू अशाच लावल्या तर कोपऱ्यांचे खांब दोनदा मोजले गेल्याने प्रत्यक्षात ५६च खांब लागतात. प्रत्येक कोपऱ्याचा खांब एकाच बाजूच्या हिशेबात धरला, की परिमिती ३०० हात, खांब ६० आणि अंतर बरोबर ५ हात येते. पडद्यांची उंचीही ५ हातच असल्याने दोन खांबांमधला प्रत्येक पडदा चौरस होतो. पूर्वेकडच्या बाजूला मध्ये २० हातांचे फाटक आणि दोन्हीकडे १५-१५ हातांचे पडदे आहेत. त्यांच्या ३, ४ आणि ३ खांबांची बेरीज १० होते, हेही ताडून पाहावे.

आतल्या मंडपाच्या फळ्या दहा हात उंच आणि दीड हात रुंद आहेत, आणि लांब बाजूला त्या २० आहेत, म्हणून लांबी ३० हात. रुंदीचा आकडा मात्र थेट दिलेला नाही. मागच्या बाजूला सहा फळ्या आणि कोपऱ्यांच्या दोन फळ्या सांगितल्या आहेत, त्यावरून अभ्यासक परंपरेने ती दहा हात धरतात. मोठ्या मुलाला हा वाद तसाच सोपवावा: सहा फळ्यांचे नऊ हात होतात, मग कोपऱ्याच्या फळ्या कशा बसवल्या तर दहा होतील? खांबांसाठी खराट्याच्या काड्या, पडद्यांसाठी फाटलेल्या धोतराचे पांढरे कापड, फळ्यांसाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ एवढ्यावर भागते. खळ उकळताना पाणी आधी तापवून त्यात थंड पाण्यात कालवलेले पीठ घालावे. नाहीतर गुठळ्या होतात. नोहाच्या तारवाची प्रतिकृती याहून सोपी आहे. ३०० हात लांब, ५० रुंद आणि ३० उंच हे माप एका हाताला एक मिलिमीटर धरले की ३० बाय ५ बाय ३ सेंटिमीटरचे खोके होते, आणि सहा वर्षांचे मूल ते दुपारभरात करते.

माती, तारा आणि सावली

नाताळच्या गव्हाणीसाठी बाजारातून प्लास्टरच्या मूर्ती आणण्यापेक्षा मातीची गुरे आणि मेंढरे घडवणे या भागात अगदी सोपे आहे, पण भीमाकाठच्या काळ्या मातीचा स्वभाव आधी ओळखला पाहिजे. ती पाणी घेऊन फुगते आणि सुकताना आकसते, म्हणून उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात आणि त्याच कारणाने मूर्तीलाही पडतात. कुंभार मातीत राख किंवा घोड्याची लीद मिसळतात, ज्यातले धागे आणि कण आकसणे सावरून धरतात. घरी चाळलेली राख आणि बारीक भुसा चालतो. मुलांनी माती, माती आणि राख, माती आणि भुसा अशा तीन वड्या एकाच आकाराच्या करून सावलीत सुकवाव्यात आणि कोणती किती आकसली, हे पट्टीने मोजावे. मग जी कमी तडकली, तिचीच जनावरे करावीत.

ताऱ्यासाठी पतंगवाल्याकडच्या बांबूच्या कामट्या घ्याव्यात. सारख्या लांबीच्या पाच कामट्या एकमेकींवर आडव्या जात बांधल्या, की पाच टोकांचा तारा होतो. प्रत्येक टोकाचा कोन ३६ अंश आणि पाचांची बेरीज १८० अंश येते. असे दोन तारे टोकांशी जोडून मधल्या सांध्यांत आखूड काड्या ताठ बसवल्या, तर आकाशकंदिलासारखा फुगीर तारा तयार होतो, आणि त्यात पणती न ठेवता लहान एलईडी दिवा लावावा. झावळ्यांच्या रविवारी शिंदीच्या पानांचे क्रूस विणतात, तेव्हा पाने आदल्या रात्री ओल्या फडक्यात गुंडाळली तर दुमडताना मोडत नाहीत.

सावलीच्या घड्याळाला पुठ्ठा आणि कोनमापक एवढेच लागते. त्याचा उभा त्रिकोण त्या गावाच्या अक्षांशाएवढा तिरका कापायचा असतो. दौंड आणि शिरूरसाठी साडेअठरा ते एकोणीस अंश. त्याची तिरपी कड उत्तरेकडे वर चढत ठेवली, की सावली तास दाखवू लागते, पण ती भिंतीवरच्या घड्याळाच्या सुमारे अर्धा तास मागे असते, कारण भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे आणि हे तालुके त्याच्या बऱ्याच पश्चिमेला आहेत. वर्षभरात हा फरक काही मिनिटांनी कमीजास्त होत राहतो. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस एकेका दिवशी भर दुपारी उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच पडते, आणि तो दिवस मुलांनी स्वतः शोधून काढावा. हिज्कीया राजाच्या गोष्टीतली मागे सरकलेली सावली त्यानंतर वाचावी.

अक्षरे : छापलेली आणि टोचलेली

केडगावच्या छापखान्याची आठवण ठेवून करायचा प्रकल्प म्हणजे घरचे ठसे. सायकल दुरुस्तीच्या दुकानात फुटक्या ट्यूबा मिळतात. त्यातून अक्षर कापून लाकडाच्या तुकड्यावर चिकटवले की ठसा झाला. पहिला ठसा उमटल्यावर अक्षर उलटे आले, की मुलाला आरशाचा नियम कळतो, आणि छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, उलटी का असत तेही कळते. शिरोरेखा वेगळ्या पट्टीची केली, तर अक्षरे जोडून शब्द करता येतात. शाईसाठी दिव्याची काजळी जवसाच्या तेलात खलावी. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते, म्हणून छापील शाईत ते शतकानुशतके वापरले गेले. शेंगदाण्याचे तेल तसे सुकत नाही आणि कागदावर तेलकट डाग पसरतो. दोन्ही करून चार दिवसांनी बोट लावून पाहावे.

छापलेले कागद बांधण्यासाठी जुज शिकवावा. जुज म्हणजे एकच मोठा कागद दुमडून केलेला पानांचा गठ्ठा. तीन वेळा दुमडला की आठ पाने, सोळा पृष्ठे होतात. दुमडलेल्या कागदावर आधी पृष्ठांक टाकून मग तो उलगडून पाहिला, की आकडे उलटसुलट आणि डोक्यावर उभे दिसतात, आणि मुद्रकाला कागद छापण्याआधी किती विचार करावा लागतो, ते ध्यानात येते. जुजाच्या पाठीत सुईदोऱ्याने तीन किंवा पाच छिद्रांतून टाके घालून, जुन्या साडीच्या कापडाने मढवलेला पुठ्ठा चढवला, की रोजचे वचन लिहायला वही तयार होते.

रमाबाईंची कन्या मनोरमाबाई (१८८१–१९२१) यांनी केडगावातल्या अंध मुलींना ब्रेल शिकवले. ब्रेल म्हणजे बोटांनी वाचायची लिपी. तिच्या प्रत्येक घरात दोन उभ्या रांगांत तीन-तीन असे सहा उंच ठिपके येऊ शकतात. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. प्रत्येक ठिपका असतो किंवा नसतो, म्हणून सहा ठिपक्यांच्या एकूण ६४ मांडण्या होतात, आणि एकही ठिपका नसलेली मांडणी वगळली तर ६३. दहा वर्षांच्या मुलाला घातांक शिकवायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. भारती ब्रेलमध्ये र म्हणजे १-२-३-५, म म्हणजे १-३-४ आणि काना ३-४-५, म्हणजे तीन घरांत रमा हे नाव लिहून होते.

त्यासाठी जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद रबरी चपलेच्या तळव्यावर ठेवून, रिकाम्या बॉलपेनच्या टोकाने मागून दाबायचे. दाब मागून येत असल्याने लिहिताना उजवीकडून डावीकडे जावे लागते आणि घरातल्या दोन रांगांची अदलाबदल करावी लागते. ठशाच्या अक्षरात भेटलेला आरशाचा नियम येथे पुन्हा लागू होतो. खऱ्या ब्रेलमध्ये शेजारच्या ठिपक्यांतले अंतर सुमारे अडीच मिलिमीटर असते, म्हणून आलेखकागद वर ठेवून ठिपके आखून घ्यावेत, आणि कागद फाटू नये इतपतच दाब द्यावा. झालेले कार्ड पाहून तपासू नये. डोळे मिटून तर्जनीच्या टोकाने वाचावे, आणि शक्य असेल तर ब्रेल जाणणाऱ्या व्यक्तीला दाखवून चुका समजून घ्याव्यात. ती व्यक्ती जिथे अडखळेल, तिथे ठिपका बसका आहे की अंतर चुकले आहे, हे मुलाने विचारून घ्यावे आणि त्याप्रमाणे दुसरे कार्ड टोचावे.